टेलचं पाणी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



संयोजकांनी फोनवर मला विषय सुचवला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. मी तीन दिवस त्यावर टिपणं काढली आणि चौथ्या दिवशी बाजूला ठेवली. त्यावर बोलणारे आज गल्लोगल्ली आहेत. ज्या गोष्टीनं मला गेली दहा वर्षं सोडलेलं नाही ती पाण्याची आहे. आणि ती या मांडवात बसलेल्यांना जितकी पटकन कळेल, तितकी माझ्या ऑफिसात कुणाला कळणार नाही. कारण आपण सगळी एकाच कालव्यावरची मुलं.

आमचं शेत टेलला. बाहेर हे वाक्य समजावून सांगावं लागतं, इथे तेवढं पुरतं. हेडला ऊस, मधे थोडी बागायत आणि टेलला ज्वारी. अण्णा दर हंगामात नमुना ७ चा अर्ज भरायचे, पाणीपट्टी चुकवायचे नाहीत, आणि पाळी जाहीर झाली की रात्री दारं धरायला निघायचे. मी बॅटरी घेऊन मागे. कधी पाणी यायचं, कधी नुसता चारीतल्या ओल्या मातीचा वास यायचा. वर कुणीतरी दार फोडलेलं असायचं. कागदावर आमचा हक्क पूर्ण होता. पाणी मात्र सगळ्यांचं भागून उरलं तर.

भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून एक कबुली देते. नववीच्या चाचणीत 'धरणांचे फायदे लिहा' या प्रश्नाला मी पहिला मुद्दा लिहिला होता, 'समुद्रात वाया जाणारे पाणी अडते.' बाईंनी त्याला पूर्ण मार्क दिले होते. बाई, ते मार्क परत द्यायला मी आले आहे.

मी राहते अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलजवळ. आपल्या बाजारात हल्ली 'वॉशिंग्टन' म्हणून चकचकीत लाल सफरचंदं मिळतात, ती तिथली. सिअ‍ॅटल पावसाचं गाव, पण मधली डोंगररांग ओलांडून पूर्वेला गेलं की वर्षाला जेमतेम आठ-दहा इंच पाऊस. आपल्या दुष्काळी तालुक्यातही याच्या दुप्पट पडतो. तरी अमेरिकेतली निम्म्याहून अधिक सफरचंदं याच राज्यात पिकतात. कारण तिथून कोलंबिया नदी वाहते.

ही नदी कॅनडात उगम पावते आणि सुमारे २,००० किलोमीटर वाहून पॅसिफिकला मिळते. वर्षाला आठ हजार टीएमसीपेक्षा जास्त पाणी. कोयना धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे वर्षाला जवळजवळ ऐंशी कोयना भरतील. मुख्य नदीवर १४ धरणं आहेत. त्यातलं ग्रँड कूली १९३३ ते १९४२ या काळात बांधलं, उंची १६८ मीटर. त्या एका प्रकल्पावर आज सुमारे पावणेसात लाख एकर भिजतं. वीज इतकी स्वस्त, की माझ्या क्षेत्रातल्या कंपन्यांनीही क्विन्सी नावाच्या शेतीच्या गावात मोठी डेटा सेंटरं उभारली. तेव्हा या नदीवर पोट असलेल्यांत मीही आले.

आता मासा. आपल्याकडे हॉटेलात रावसला 'इंडियन सॅमन' म्हणतात, तो हा नव्हे. खरा सॅमन गोड्या पाण्याच्या झऱ्यात जन्मतो, बोटाएवढा झाला की प्रवाहाबरोबर समुद्रात जातो, तिथे काही वर्षं वाढतो आणि मग ज्या ओढ्यात जन्मला तोच ओढा शोधत उलटा चढत येतो. वाटेत काही खात नाही. अंडी घालतो आणि मरतो. मृगाच्या पावसात आपल्या ओढ्याला चढणीचे मासे यायचे आणि आपण शाळा बुडवून ते धरायला जायचो, आठवतं? हा तसाच चढणीचा मासा, पण याची चढण शेकडो किलोमीटरची. कोलंबियाची उपनदी स्नेक, तिच्या खोऱ्यात आयडाहो राज्यात रेडफिश नावाचं तळं आहे. तिथला सॉकाय जातीचा सॅमन समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर येतो, आठ धरणं पार करतो आणि साडेसहा हजार फूट चढतो.

धरणांच्या आधी या खोऱ्यात वर्षाला एक कोटी ते एक कोटी साठ लाख मासे परत येत असावेत, असा अंदाज आहे. ग्रँड कूलीला माशांसाठी जिना ठेवलाच नाही, त्यामुळे वरची नदी त्यांना कायमची बंद झाली. १९९१ मध्ये स्नेकचा सॉकाय सरकारने 'नष्ट होण्याच्या मार्गावर' म्हणून जाहीर केला. १९९२ मध्ये रेडफिश तळ्यात किती आले? एक. एकच नर. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'लोनसम लॅरी', एकटा लॅरी. त्याचं बीज गोठवून ठेवलं आणि पुढच्या पैदाशीसाठी वापरलं. आज या खोऱ्यातले सॅमन आणि त्यांच्या जवळचे स्टीलहेड मिळून तेरा गट संरक्षित यादीत आहेत.

याच सुमारास, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, वॉशिंग्टन राज्याने कोलंबियाच्या मुख्य पात्रातून पाणी उचलण्याचे नवे परवाने देणं थांबवलं. पलीकडच्या काठावरच्या ओरेगॉनने बॉनव्हिल धरणाच्या वरच्या भागात १५ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळासाठी नव्या उपशाला जवळजवळ दारच लावलं. डोळ्यांसमोर एवढी नदी, आणि अर्जदाराला उत्तर 'नाही'.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा टेलच्या शेतकऱ्याची मुलगी म्हणून माझं रक्त उसळलं. माशासाठी माणसाचं पाणी तोडायचं?

२०१५ च्या जुलैत आई-अण्णा आमच्याकडे आले होते. त्या वर्षी डोंगरात बर्फ नावालाच पडलं होतं. उन्हाळ्यात नदीला बर्फाचंच पाणी येतं, तेव्हा ते लवकर संपलं आणि नदी तापली. वीस अंशांच्या वर पाणी गेलं की सॅमनला सोसत नाही. त्या उन्हाळ्यात अडीच लाखांच्या आसपास सॉकाय वाटेतच मेले.

मी अण्णांना बॉनव्हिल धरणावर घेऊन गेले. तिथे माशांसाठी पाण्याचा जिना आहे आणि त्याला एक काचेची खिडकी आहे. खिडकीशी माणूस बसून वर जाणारा प्रत्येक मासा जातवार मोजतो. अण्णा म्हणाले, "हा इथला पाटकरी." मग बराच वेळ काचेला नाक लावून उभे राहिले. काही माशांच्या अंगावर पांढरे चट्टे होते. एक मासा प्रवाहाला तोंड करून जागच्या जागी थरथरत होता, पुढे सरकत नव्हता. "याला दम लागलाय," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका सहकाऱ्याच्या सासऱ्यांची सफरचंदाची बाग बघायला गेलो. नदी त्यांच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर. त्यांनी आपला परवाना काढून दाखवला. तिथला कायदा असा, की जो आधी आला त्याचा हक्क आधी. १९१७ पासून नदीचं पाणी घ्यायला राज्याचा परवाना लागतो आणि परवान्यावरची तारीख हीच तुमची रांगेतली जागा. टंचाई आली की शेवटच्या तारखेचा माणूस पहिला थांबतो. आपल्यासारखं 'सगळ्यांना थोडं थोडं कमी' असं नाही. १९८० मध्ये राज्याने मुख्य नदीत किमान इतका प्रवाह राहिलाच पाहिजे असं ठरवलं आणि त्या प्रवाहालाही एका हक्काचा दर्जा दिला, तारीख १९८०. या बागायतदारांचा परवाना त्यानंतरचा. म्हणजे प्रवाह त्या आकड्याखाली गेला की यांचा पंप बंद करता येतो. शेजाऱ्यांचे कागद आजोबांच्या काळातले, त्यांना हात लागत नाही.

"दोघांच्या झाडांना तहान सारखीच लागते," ते म्हणाले. "आणि सफरचंदाचं झाड म्हणजे मका नव्हे, की एक वर्ष नाही पेरलं." अण्णांनी माझ्यामार्फत विचारलं, "पाटकऱ्याला काही देऊन भागत नाही का?" मी ते भाषांतर करायचं टाळलं. पण त्या दोघांचं एकमेकांकडे बघणं मला चांगलं कळलं. दोघं टेलचे.

परतीच्या वाटेवर गाडीत अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या माशाची तारीख कुठली?"

मी म्हटलं, "१९८०."

"आणि तो इथे कधीपासून आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. नदीला माणूस लागला त्याच्या कितीतरी आधीपासून, एवढंच खरं. ज्याची पाळी पहिली, त्याला रजिस्टरमध्ये टेलला बसवलं, कारण रजिस्टर उघडलं तेव्हा अर्ज भरायला तो आला नव्हता.

अर्ज न भरलेली माणसंही होती. याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या आदिवासी राष्ट्रांनी १८५५ मध्ये अमेरिकी सरकारशी तह करून आपली बहुतेक जमीन सोडली, पण नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क सोडला नाही. त्यांची सगळ्यात मोठी जागा म्हणजे सेलायलो धबधबा. हजारो वर्षं तिथे मासेमारी आणि बाजार चालला. १० मार्च १९५७ रोजी द डॅल्स धरणाची दारं बंद झाली आणि काही तासांत तो धबधबा पाण्याखाली गेला. त्यांच्या वंशजांकडून मी आजही नदीकाठी मासा विकत घेते. मासाच आला नाही, तर मासे धरण्याच्या हक्काचं करायचं काय?

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण त्याशिवाय मला हे प्रकरण उलगडलं नसतं. बंदीच्या विरोधातला सगळ्यात जोरदार मुद्दा हिशेबाचा होता. नवे अर्जदार मागत होते ते सगळं मिळून वर्षाला साधारण ११ ते ५७ टीएमसी. आठ हजारांतले सत्तावन्न, म्हणजे शंभरातला एकसुद्धा नाही. हा हिशेब खरा आहे. पण सर्व्हरवर नवा ग्राहक घ्यायचा तेव्हा आम्ही वर्षाची सरासरी बघत नाही. दिवाळीच्या विक्रीच्या रात्री काय होईल ते बघतो. सरासरीत सर्व्हर कधीच कोसळत नाही, कोसळतो तो गर्दीच्या तासाला. नदीचा गर्दीचा तास म्हणजे जुलै-ऑगस्ट. बर्फाचा पूर ओसरलेला, पाणी तापलेलं, धरणांच्या संथ पाण्यातून पिल्लं समुद्राकडे रेंगाळत चाललेली, मोठे मासे वर येत असलेले, आणि नेमके तेव्हाच सगळे पंप चालू.

राज्याच्या विधिमंडळाने १९९७ मध्ये बंदी उठवली. पुढे राज्याच्याच विनंतीवरून राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या संशोधन परिषदेने एक समिती नेमली. तिचा अहवाल २००४ मध्ये आला. त्याचं सार असं, की एकेका परवान्याचा परिणाम मोजून दाखवता येणार नाही, पण कमी प्रवाहाच्या आणि गरम पाण्याच्या महिन्यांत उपसा आणखी वाढवला तर माशांच्या जगण्याचा धोका वाढेल. नवे परवाने द्यायचेच असतील, तर अशा काळात पंप थांबवता येईल ही अट त्यात हवी. शिवाय सगळी राज्यं, कॅनडा आणि आदिवासी राष्ट्रं यांनी एकत्र बसून विचार करावा, कारण एका काठाने सोडलेलं पाणी दुसऱ्या काठाने उचललं तर माशाला काय मिळणार?

शेतकऱ्यांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. ते म्हणतात, मासे मारले धरणांनी, शिक्षा मात्र आम्हाला. यात तथ्य आहे. सगळ्यात मोठा घाव धरणांचाच आहे. पण ज्याला आधीच दम लागलाय त्याच्या पाठीवर आणखी एक पोतं ठेवताना 'पहिली पोती माझी नव्हती' हे म्हणून भागत नाही.

मग माझं मत काय? नवे परवाने थांबवणं बरोबर होतं, असं मला आज वाटतं. मनाला ते अजूनही सोपं जात नाही, कारण 'नाही' ऐकणारा प्रत्येक वेळी अण्णांसारखा कुणीतरी असतो. आणि थांबवणं पुरेसं नव्हतं, हेही तितकंच खरं. नव्याला 'नाही' म्हणणं सगळ्यात सोपं, कारण त्याच्या हातात काहीच नसतं. शंभर वर्षांपूर्वीचा कागद ज्याच्या कपाटात आहे, त्याला कुणी विचारायचं? त्यातून तिथे नियम असा, की सलग पाच वर्षं सबळ कारणाशिवाय पाणी वापरलं नाही तर हक्क जातो. म्हणजे वाचवणाऱ्यालाच भीती.

ही गाठ तिथे हळूहळू सुटते आहे. १९९१ पासून जुना हक्कदार आपलं पाणी काही काळासाठी किंवा कायमचं राज्याच्या विश्वस्त निधीत ठेवू शकतो. ते नदीतच राहतं आणि त्याचा हक्क बुडत नाही. अनेकांना त्याचे पैसेही मिळतात. २००६ मध्ये राज्याने २० कोटी डॉलरची तरतूद करून कायदा केला. त्यातल्या पैशातून नवा साठा झाला, तर दोन भाग शेतीला आणि गावांना, आणि तिसरा भाग नदीत, माशांसाठी. वाटणीच्या कागदावर मासा भागीदार म्हणून आला. याकिमा या उपनदीवर तर कुणाचा हक्क किती, हे ठरवणारा खटला १९७७ ते २०१९, बेचाळीस वर्षं चालला. त्यात न्यायालयाने मान्य केलं, की याकामांच्या तहामुळे मासे जगण्यापुरत्या प्रवाहाची तारीख 'स्मरणापलीकडच्या काळापासूनची' आहे. मासे जगण्यापुरतंच, त्याहून थेंबभर जास्त नाही. पण रांगेत पहिले. हे वाचलं त्या रात्री मी अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "मग आता पाळी वेळेवर येते का?" टेलच्या माणसाला कागदाचं फारसं कौतुक नसतं.

मला आपल्याकडची एक गोष्ट तिथे सांगायला अभिमान वाटतो. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. पाण्याची वाटणी जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. रांग कशी लावायची हे माणसंच ठरवतात आणि ती बदलताही येते, हे आपल्या शेजारच्या तालुक्यांनी कधीच करून दाखवलं आहे.

आता शेवटचं. आपल्या बॅचमधला एकजण पाटबंधारे खात्यात आहे, दोघं पाणी वापर संस्थेत आहेत, एक साखर कारखान्याचा संचालक आहे. मघाशी जेवताना मी सगळ्यांना गाठलंच, पण इथे माइकवर पुन्हा सांगते, म्हणजे साक्षीदार राहतील. कालवा सल्लागार समितीची पुढची बैठक होईल तेव्हा पिण्याचं, उसाचं, कारखान्याचं पाणी मोजून झालं की एक प्रश्न विचारा. बंधाऱ्याच्या खाली, नदीत, एप्रिल-मेमध्ये किती ठेवलं? उत्तर शून्य असेल तर तो शून्य इतिवृत्तात लिहायला लावा. ज्याची नोंद नाही त्याची पाळी येत नाही, हे मी दोन नद्यांवर पाहिलं आहे.

बाईंना एक विनंती. त्या उत्तराचे मार्क कापा, पण शेरा लिहा, 'पुन्हा लिहून आणणे.' मी लिहून आणलं आहे.

अण्णा आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गुडघे दुखतात म्हणून आले नाहीत. काल संध्याकाळी घरी पोचले तेव्हा ओट्यावर बसून नमुना ७ भरत होते.